ज्याचं नाव, त्याची मान

कोणतीही वस्तू हातात आली की आंटी आधी ती उलटी करायच्या. कॉफीचा मग, माझा जेवणाचा डबा, कुणाच्या घरची फुलदाणी. एकदा मॅनेजरच्या वाढदिवसाला केक आला, तर त्यांनी खोकं डोक्यावर धरून तोही खालून पाहिला आणि निकाल दिला, "बेकरीवाल्याने नाव नाही टाकलं कुठे. जपून खा." केक खरोखरच शिळा निघाला.

"वरून काय बघायचं गो बाय? वरून सगळेच राजे," त्या म्हणायच्या. "खाली बघ."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पाहुणे म्हणून जातात आणि ताटाखाली काय लिहिलंय ते वाचतात. आपल्याला ओशाळल्यासारखं होतं, त्यांना काही वाटत नाही. आंटींना तर आयुष्यात कशाचंच काही वाटलं नसावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. माणूस ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्ची.

दुबईतल्या एका मोठ्या मॉलमध्ये, एका फार मोठ्या युरोपियन ब्रँडच्या दुकानात आम्ही दोघी नोकरीला होतो. ब्रँडचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही डिस्काउंट मागाल आणि तो मलाही मिळत नाही. मी पुढे, आफ्टरकेअरच्या काउंटरवर. कुणाच्या बॅगेचा बंद तुटला, चेन अडकली, अस्तर फाटलं की ती बॅग पांढरे हातमोजे घालून लहान बाळासारखी उचलून घ्यायची, हे माझं काम. आंटी मागे, बिनखिडकीच्या खोलीत. त्या आणि कानपूरचे एक वयस्कर कारागीर, ज्यांना सगळे चाचा म्हणत.

आंटी वसईच्या. पन्नाशीला टेकलेल्या, अंगाने काटकुळ्या, केस आखूड, गळ्यात बारीक क्रॉस, चष्मा कायम कपाळावर. नवरा लवकर गेला होता. एकुलती एक मुलगी बारावीला, आईच्या व्हिसावर. आंटींचा व्हिसा कंपनीचा. म्हणजे आंटींची नोकरी गेली की मायलेकी दोघींचा मुक्काम हलला, असा साधा हिशेब होता, आणि तो आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो.

आम्ही शारजाला अल मजाजमध्ये शेजारशेजारच्या टॉवरमध्ये राहायचो आणि एकाच कारलिफ्टने दुबईला जायचो. महिना ठरवून चार-पाच जणांना नेणारी ती खासगी गाडी. शारजाचा जाम आणि चीनचा इतिहास, दोन्हींना आदि-अंत नाही, आणि मला दोन्ही एकदमच भोगायला मिळाले. गाडी पुलाखाली थांबली की आंटी चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायच्या आणि सुरू व्हायच्या. कुठल्या राजाने कुठल्या भावाला कसं गिळलं, कुठली राणी पडद्याआड बसून राज्य चालवायची, दरबारात कुणाच्या अंगरख्यावर कोणता पक्षी. मागे बसलेले दोन हिशेबनीस कानात इअरफोन घालून झोपायचे. मी डोंबिवलीची. प्रवासात बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं आम्हाला जमत नाही.

वसईच्या बाईला हे कुठून आलं? तर दुबईत आल्या आल्या त्यांना पहिली नोकरी लागली ती देरा या जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या चिनी माणसाच्या दुकानात. आंटी त्याला लाओबान म्हणायच्या. म्हणजे शेठ. शेठ जुन्या राजेशाही भांड्यांच्या आणि रेशमी कापडांच्या नकला विकायचा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "नक्कल आहे, पण चांगली आहे." अकरा वर्षं आंटी तिथे फाटलेलं रेशीम रफू करत बसल्या. तेवढं वाक्य सोडलं तर शेठला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी तर त्याहून नाही. मग आंटीच चिनी शिकल्या. "गप्प किती बसणार बाय? मला तर चर्चमध्ये पण जमत नाय."

शेठने त्यांना पहिल्याच दिवशी एक वाडगा उलटा करून दाखवला होता. खाली निळ्या शाईत सहा अक्षरं. घराणं अमुक, राजा तमुक, त्याच्या काळात बनवलेलं.

"चिनी आल्यावर मी विचारलं, राजाने बनवलं? शेठ हसला. बोलला, राजाने माती बघितली पण नसेल. मग मी बोलले, आमच्याकडे पण असंच. भांड्यावर नाव घालतात ते विकत घेणाऱ्याचं. तांबटाचं नाव कोण घालतं?"

तेव्हा शेठने त्यांना विटांची गोष्ट सांगितली. एका बादशहाने शहराभोवती तट बांधायला घेतला आणि हुकूम काढला की प्रत्येक विटेवर ती पाडणाऱ्याचं नाव हवं. त्याच्याही शेकडो वर्षं आधीपासून तिकडे नियमच होता: वस्तूवर कारागिराचं नाव कोरावं. चार चिनी अक्षरांत मावणारा नियम. हत्यारांवर नावं, मातीच्या शिपायांवर नावं.

"किती छान," मी म्हणाले. "केवढी कदर होती कारागिरांची."

"कदर कसली! वीट फुटली तर धरायचं कुणाला, त्यासाठी." आंटींनी हाताने आपल्या मानेमागे दोनदा थापटलं. ही त्यांची दुसरी लकब. "ज्याचं नाव, त्याची मान."

"त्याचा मान," मी म्हणाले.

"काय?"

"मान म्हणजे रिस्पेक्ट. तो मान. त्याचा मान म्हणायचं, आंटी. त्याची नाही."

त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पुढे दोन वर्षं हे वाक्य दर आठवड्याला कानावर यायचं आणि दर वेळी मी ते दुरुस्त करायचे. वसईची बोली, त्यात वीस वर्षांची हिंदी-इंग्रजी. लिंगाची गल्लत होणारच, असं मी मनाशी धरलं होतं. शाळेत मराठीत पहिली यायचे ना मी.

आमच्या ब्रँडला आंटी हव्या होत्या त्या त्यांच्या हातासाठी नव्हे, जिभेसाठी. शेठने दुकान बंद केलं आणि तो गावी गेला तेव्हा आमच्याकडे चिनी गिऱ्हाइकांची रांग लागत होती आणि बोलणारं कुणी नव्हतं. आंटींना घेतलं दुभाषी म्हणून. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईच्या टाक्याला तोड नाही. त्यांना मागच्या खोलीत बसवलं, आणि चिनी गिऱ्हाईक आलं की पुढे बोलवायचं, हातमोजे चढवून.

आता माझ्या कामातली एक गोष्ट कबूल करते. बॅग दुरुस्तीला आली की मी गिऱ्हाइकाला सांगायचे, "मॅडम, ही आमच्या युरोपच्या कार्यशाळेत जाईल. सहा ते आठ आठवडे." बॅग जायची काउंटरपासून पंधरा पावलांवर. आंटी आणि चाचा ती आठ दिवसांत नवी करून द्यायचे. उरलेले दिवस ती कपाटात पडून राहायची, युरोपहून परत येत. मग मी ती रेशमी पिशवीत घालून द्यायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "शेवटी युरोप ते युरोप." मी मान डोलवायचे. माझी मान पहिल्यापासून चांगली डोलते.

"आज कुठवर आली बॅग?" आंटी विचारायच्या.

"समुद्रात आहे."

"बघ हां, भिजायची."

ड्रॅगनचं वर्ष आलं तेव्हाची गंमत सांगितलीच पाहिजे. ब्रँडने खास बॅगा काढल्या. नाव 'इम्पीरियल' का काहीतरी. युरोपहून एक तरुण बाई आम्हाला शिकवायला आली. पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाली, ही नक्षी थेट चिनी सम्राटाच्या झग्यावरून प्रेरित आहे. आंटी मागच्या खुर्चीवरून उठल्या, पुढे गेल्या, बॅग उचलली, सवयीने उलटी करून पाहिली, मग सुलटी केली आणि ड्रॅगनच्या पंजावर बोट ठेवलं.

"वन, टू, थ्री, फोर. मॅडम, एम्परर हॅज फाइव्ह. फोर इज फॉर द कझिन."

पाच नखांचा ड्रॅगन राजाचा, चार नखांचा राजाच्या भाऊबंदांचा. दुसऱ्या कुणी पाच नखं मिरवली तर धडगत नसे. ती तरुण बाई लाल झाली, मग हसली, मग म्हणाली की हे कुणाच्या लक्षात येणार नाही. पहिल्याच आठवड्यात एका चिनी आजोबांनी नखाने नखं मोजली आणि बॅग काउंटरवर ठेवून निघून गेले. आंटी मागच्या दारातून बघत होत्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता.

त्या बॅगांचा पिवळाही राजाचाच म्हणून खपवला होता. आंटी किंमत वाचायच्या, दिरहॅमचे रुपये मोठ्याने करायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्यात आमच्याकडे विहिरीसकट वाडी येईल. आधी हा रंग घातला तर मान जायची बाय, आता नाय घेतला तर जाते."

"हां, हे बरोबर आहे," मी म्हणाले. इथे मान म्हणजे खरोखरची, डोक्याखालची मान.

त्याच सुमाराला कधीतरी त्यांनी मला ते दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गेले होते. आंटींनी एक बॅग पालथी केली, अस्तराचा न शिवलेला कोपरा सुईच्या टोकाने उचलला. आत, शिवणीच्या खाली, अस्तराच्याच रंगाच्या धाग्याने तांदळाच्या दाण्याएवढं एक अक्षर होतं. देवनागरी.

"हे काय?"

"माझं नाव. पहिलं अक्षर. चाचांनी केली तर चाचांचं टाकते."

"किती बॅगांत?"

"सगळ्या."

मी आधी दार लोटलं. "आंटी, कुणाला कळलं तर? आपल्याच लोकांनी भरलेल्या अर्ध्या बर दुबईला देवनागरी वाचता येतं!"

"अर्धा बर दुबई अस्तर फाडून बघत नाय. आणि बघितलं तर बघूदे. मी काय चोरी केली? केलं ते माझं नाव, बिघडलं तरी माझं नाव." मानेवर दोन थापट्या. "ज्याचं नाव, त्याची मान."

"त्याचा," मी म्हणाले, आणि माझा डबा घेऊन बाहेर आले. चाचांना उर्दूच वाचता यायची, ती अक्षरं नाही. पण ज्या दिवशी आपलं अक्षर आत जायचं त्या दिवशी ते दाढी करून यायचे, असं आंटी सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे.

चाचा सप्टेंबरात निवृत्त होऊन कानपूरला गेले. नोव्हेंबरात एक चिनी बाई आली.

साठीच्या होत्या त्या, दुबईतच राहणाऱ्या, मोठा व्यापार असलेल्या. बोलणं कमी, नजर कडक. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडून दुरुस्त करून नेलेल्या बॅगेचं अस्तर एका कोपऱ्यात उसवलं होतं. त्यांनी ते बोटाने आणखी उचललं आणि आतलं अक्षर मला दाखवलं. मोडक्या इंग्रजीत विचारलं, "धिस इज युरोप?"

ते अक्षर मी ओळखलं. चाचांचं नव्हतं.

"आय विल चेक, मॅडम," मी म्हणाले. मान डोलवली.

मॅनेजर दिल्लीकडचे. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरटाला खुर्ची दिली की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच. बाईला वाटलं बॅग नकली, ती गावभर बोलली तर आपण सगळे खलास, असा त्यांचा सूर. त्यांनी दोन तासांत तोड काढली. चाचा तर गेलेच आहेत. आंटींनी लिहून द्यायचं की एका जुन्या कामगाराने परस्पर हा खोडसाळपणा केला, आपण माफी मागतो, अस्तर फुकट बदलून देतो. आंटींची नोकरी शाबूत, मुलीची परीक्षा शाबूत, कानपूरला चाचांना पत्ताही नाही.

"कोणाचं नुकसान आहे यात?" असं मॅनेजर म्हणाले असते तर मी समजू शकले असते. पण ते वाक्य माझं आहे. संध्याकाळी परतीच्या गाडीत मी ते आंटींना म्हणाले. "सही करून टाका आंटी. चाचांचं काय बिघडतंय? पोरीची बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आहे."

त्या दिवशी पुलाखाली पाऊण तास गाडी उभी होती आणि चीनमध्ये काहीच घडलं नाही.

टॉवरखाली त्यांची मुलगी दूध घेऊन येताना भेटली. आंटींनी तिला तिथल्या तिथे, माझ्यासमोर, चार वाक्यांत सगळं सांगितलं. मुलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ममा, डिड यू स्टिच इट ऑर नॉट?"

"मीच केलं गो."

"देन व्हॉट्स द क्वेश्चन?"

असं म्हणून ती लिफ्टकडे गेली. मी जमिनीकडे बघत होते. लेकरं इंग्रजीत बोलतात म्हणून आपण कुरकुरतो, पण कधी कधी त्यामुळे निदान आपल्याला उत्तर तरी द्यावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला बाईंना बोलावलं होतं. बड्या गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे आत एक दालन आहे, मखमली सोफा आणि खजूर असलेलं. बाई सोफ्यावर, मॅनेजर समोर, मी बॅग घेऊन उभी. आता यातली गंमत बघा. बाईंचं इंग्रजी तोकडं. खोटं तर नीट सांगायचं होतं. आणि अख्ख्या दुकानात चिनी येणारं माणूस एकच. म्हणजे ज्या बाईचं नाव पुसायचं, तिच्याच तोंडून ते पुसून घ्यायचं होतं.

आंटी आल्या. हातमोजे घातले नव्हते. मॅनेजरच्या हातातला सहीचा कागद घेऊन त्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी तो वाचायला लागल्यासारखा मांडीवर ठेवला.

मॅनेजर इंग्रजीत बोलले. हळू, गोड. जुना कामगार, गैरवर्तन, दिलगिरी. आंटींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बाईंकडे वळून त्या चिनीत बोलल्या. मला चिनी येत नाही, पण माणसाला आपल्या कामाबद्दल बोलताना ओळखू येतं. त्यांनी स्वतःकडे बोट केलं. मग मागच्या दाराकडे. मग कागद उलटा केला, सहीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार अक्षरं काढली आणि तो बाईंसमोर ठेवला. शेवटी हात मागे नेऊन मानेवर दोन थापट्या मारल्या.

बाईंनी ती चार अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली.

"आंटी, क्या बोला आपने?" मॅनेजरचा आवाज चिरकला.

"सच बोला, सर. बोला कि ये मैंने सिया है. यहीं, पीछे के कमरे में. बॅग युरोप गया ही नहीं. चाचा का इसमें कुछ नहीं, अक्षर मेरा है. पुराना कायदा है इनका, मैंने लिख के दिया." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पण पुढचं वाक्य माझ्यासाठीच असल्यासारखं माझ्यावर येऊन पडलं. "जिसका नाम, उसकी गर्दन."

गर्दन.

दोन वर्षं मी त्यांचं मराठी सुधारत होते. त्यांना तो मान म्हणायचाच नव्हता. त्यांना ती मान म्हणायची होती. ज्याने नाव घातलं त्याने मान पुढे करायची, एवढं साधं त्या सांगत होत्या, आणि मी प्रमाण मराठीची छडी घेऊन "त्याचा, त्याचा" करत बसले होते. बाईला व्याकरण चोख येत होतं. मलाच येत नव्हतं.

मला वाटलं आता बाई उठतील, ओरडतील, किंवा सिनेमात होतं तसं आंटींचा हात हातात घेतील. यातलं काही झालं नाही. त्यांनी बॅग उचलली, उसवलेला कोपरा आंटींच्या नाकासमोर धरला आणि कडक आवाजात काहीतरी विचारलं. आंटींचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, कोपरा तपासला आणि मान खाली घालून हळू आवाजात एक उत्तर दिलं.

नंतर त्यांनी मला सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, नाव तुझं आहे ना? मग आठ महिन्यांत टाका सुटला कसा? आणि आंटी म्हणाल्या होत्या, गाठ एकच मारली, दोन मारायला हव्या होत्या.

"आत्ता कर," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

आंटी मागे गेल्या, सुई-दोरा, मेण आणि अंगठ्याची चामडी टोपी घेऊन आल्या, आणि मखमली सोफ्यावर बाईंच्या शेजारी बसल्या. त्या सोफ्यावर आमच्यापैकी कुणी कधी बसलं नव्हतं. आमच्या झगझगीत दुकानात, काचेपलीकडून लोक बघत असताना, बिनखिडकीच्या खोलीतलं काम पहिल्यांदा उजेडात चाललं होतं. बाई टाक्यागणिक वाकून बघत होत्या. मॅनेजर एकदा बसले, एकदा उठले, एकदा एसी वाढवायला सांगितला. वीस मिनिटं लागली. शेवटी दोन गाठी. अक्षर होतं तिथेच राहिलं. बाईंनी कोपरा ओढून पाहिला, बॅग उलटी केली, सुलटी केली. चार अक्षरांचा तो कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि मॅनेजरकडे न बघता निघून गेल्या. आभार मानले नाहीत. जाताना आंटींना एवढंच म्हणाल्या की गाठ आता चांगली आहे.

"अकरा वर्षांत शेठ पण कधी चांगलं नाय बोलला," आंटी सामान गोळा करत म्हणाल्या. मग मॅनेजरकडे वळल्या. "यल्ला, चलो सर, अभी बोलो मेरा क्या करने का है."

जे करायचं ते गुरुवारपर्यंत झालं. नोकरीवरून काढल्याच्या पत्रात शब्द होते 'ब्रँडच्या प्रतिष्ठेला बाधा'. आंटींनी पत्रही आधी उलटं करून पाहिलं. "सही नाय याच्यावर," त्या म्हणाल्या. "खाली फक्त 'व्यवस्थापन'. बघ बाय, कुणाची मान आहे का यात." मागच्या खोलीतून त्यांनी फक्त आपली चामडी टोपी नेली. दुकानातून जाताना मागच्या दाराने जायचा नियम आहे. त्या पुढच्या दाराने गेल्या. दरवानाने सवयीने दार उघडून धरलं आणि सलाम केला.

मी त्या दिवशी दालनात एक अक्षर बोलले नव्हते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात तर रोज येतं. मुलीच्या व्हिसाची कशीबशी सोय झाली, आंटी वसईला गेल्या आणि पोरीने बोर्डाची परीक्षा आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर अभ्यास करून दिली. तेवढं केलं मी. ते भरपाई म्हणून केलं, उपकार म्हणून नव्हे, हे तिला ठाऊक होतं. मला रोज सकाळी "गुड मॉर्निंग आंटी" म्हणायची. आंटी म्हणवून घ्यायला मला लाज वाटायची.

आंटींनी वसईला बॅगा, पर्स आणि चपला दुरुस्त करायचं दुकान काढलंय. पाटीचा फोटो पाठवला होता. पाटीवर त्यांचं पूर्ण नाव, हातभर उंचीचं. मी म्हणाले, मी तुमच्यावर लिहिणार आहे. तर म्हणाल्या, "लिही, पण नाव नको घालू. कथा तुझी आहे. त्याच्याखाली तुझं नाव घाल. माझं नाव माझ्या कामाच्या खाली आहे." म्हणून या कथेत तुम्हाला ते सापडलं नाही.

आता आमच्याकडच्या बॅगा खरोखरच युरोपला जातात. आंटींनी पूर्वी दुरुस्त केलेल्याही जातात. गेल्या महिन्यात तिकडून एका बॅगेबरोबर तपासणीचा फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं: मागील शिवणकाम उत्कृष्ट दर्जाचे. अस्तराखाली अनोळखी लिपीतील एक अक्षर आढळले. काढलेले नाही. खुलासा करावा. खाली रकाना, 'काम करणाऱ्याचे नाव'. त्याखाली दुसरा रकाना, 'माहिती देणाऱ्याचे नाव व सही'.

मॅनेजर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "अननोन लिख दो," ते म्हणाले. "क्यों पंगा लेना. आपका भी व्हिसा है."

माझाही आहे. त्यावर माझा मुलगा आहे.

मी पहिल्या रकान्यात आंटींचं नाव लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि पुढे वसई. कुणालाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. मग दुसऱ्या रकान्यात माझं लिहिलं, सही केली आणि फॉर्म पाकिटात घातला. मॅनेजर काहीतरी बोलत होते. पाकीट चिकटवताना माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात मागे मानेवर गेला आहे.